सोनीचा चातुर्मास

पुणे, २८ ऑगस्ट २००३

प्रिय सत्यभामा,

शरणार्थी, म्हणजे आमच्या घरचा रामराम. पत्राला उशीर झाला म्हणून मनातल्या मनात चार शिव्या घातल्या असशीलच. आणखी दोन घाल आणि पुढं वाच.

मे महिन्यात हे गेले तेव्हा तू पिंपळटाकळीहून धावत आलीस. येताना बाजरीच्या पिठाच्या कडक कापण्या आणल्यास, भेटायला येणाऱ्यांना चहाबरोबर द्यायला म्हणून. त्या कुणी खाल्ल्या माहीत आहे? सोनीनं. ह्यांनी रस्त्यावरून उचलून आणलेलं ते कुत्रीचं पिल्लू आता आठ वर्षांचं झालंय. हे गेल्यापासून ती दाराकडं तोंड करून बसायची. दूध नको, भात नको. मला वाटायचं, ही पण चालली, मग या दोन खोल्यांत मी भांडायचं कुणाशी? एक दिवस डबा उघडा राहिला आणि बाईसाहेबांनी सगळ्या कापण्या फस्त केल्या. त्या दिवसापासून ती खायला लागली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टरीणबाई जनावरांचा दवाखाना चालवतात. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "बाजारातली बिस्किटं मैद्याची, रंग घातलेली. बाजरीची कुणी घरी करून देत असेल तर माझ्याकडची निम्मी कुत्री खातील." मला लगेच तुझी महिला सहकारी संस्था आठवली. पाटी लावून बसला आहात, पण दुष्काळात तुमचे पापड आणि शेवया घेणार कोण?

करायचं असं. बाजरीचं पीठ, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, शिजवलेला लाल भोपळा. मीठ नको, गूळ नको, मनुके नकोत. आणि कांदा-लसूण तर अजिबात नको. आपल्याकडच्या बायकांचा हात कांद्यावाचून चालत नाही, मी त्याच मातीतली आहे म्हणून मुद्दाम सांगते. आमच्या सोनीचा चातुर्मास आहे असं समजा!

तुझी,
नीलम्मा


पिंपळटाकळी, ९ सप्टेंबर २००३

प्रिय नीला,

रामराम. तुझं पत्र संस्थेच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. अकरा जणी होतो. कुत्र्यासाठी बिस्किटं म्हटल्यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना. रुक्मिणीबाई म्हणाली, "हितं मानसाला टँकरची वाट बघावी लागतीया, आन् पुन्याच्या कुत्र्याला खाऊ?" गावातले बापेही पारावरून तेच बोलतात. मी म्हटलं, शेवयाला पाणी लागतं, पापडाला गिऱ्हाईक लागतं. याला पाणी थोडं आणि गिऱ्हाईक समोर उभं आहे. पटलं.

सगळ्यांत मनावर घेतलं ते शेजारच्या केसरबाईंनी. पासष्टीच्या असतील. घराणं खंडोबाचं, आणि कुत्रं म्हणजे देवाचं जनावर, त्याला पायानं ढकललेलंही त्यांना खपत नाही. सोनीच्या चातुर्मासावर बाकीच्या हसल्या, पण त्या हात जोडून म्हणाल्या, "मानसं पाळंनात आन् मुकं जनावर पाळतंय. लई पुन्याचं हाय ते." त्यांचा भाव मोडवेना, आणि मोडायचं कारणही नव्हतं. श्रावणापासून तुझ्या घरात कांदा-लसूण शिजत नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हा कुत्रीलाही त्याच पंगतीचं, असं आम्ही धरलं.

पहिली खेप करपली. दुसरी आतून ओली राहिली. मग केसरबाईंनी रोडगे भाजतात तसं गोवऱ्यांच्या आरावर परात ठेवली, वर दुसरी परात झाकली, तिच्यावरही चार निखारे टाकले. शंकरपाळ्याच्या कातण्यानं कापलेले तुकडे असे खुटखुटीत झाले की आम्हीच दोन-दोन खाऊन पाहिले. अळणी लागतात, पण वाईट नाहीत. नमुना परळी-पुणे गाडीच्या कंडक्टरकडं दिलाय.

एक सांगते, लवकर कळव. ऊसतोडीचा मुकादम रामकिसन नावं लिहायला येऊन गेला. दिवाळी झाली की ट्रक येणार. आमच्यातल्या चौघींनी नावं दिलीत, बाकीच्या तुझ्या पत्रावर डोळा ठेवून आहेत. गेल्या तर पोरं शाळेतून काढून सोबत न्यावी लागतात.

तुझी,
सत्यभामा


पुणे, २४ सप्टेंबर २००३

प्रिय सत्या,

तुझा नमुना डॉक्टरीणबाईंनी स्वतः चावून पाहिला आणि मग दवाखान्यातल्या सात कुत्र्यांना दिला. एकानंही नाक मुरडलं नाही. एक मोठा काळा कुत्रा आहे, नाव राजा, तो तर पाकीट कागदासकट गिळायला निघाला होता. दर पंधरवड्याला दोन खोकी पाठवा. केसरबाईंना सांग, सोनी आता गाडीवरून आलेलं खोकं दोरी सोडायच्या आधीच ओळखते आणि माझ्या पदराला धरून ओढते. ह्यांच्या चपलांशेजारी बसून खाते. बघून बरं वाटतं आणि रडूही येतं.

रामकिसनला म्हणावं, यंदा दुसऱ्या गावात बघ.

तुझी,
नीला


पिंपळटाकळी, ६ नोव्हेंबर २००३

प्रिय नीला,

परवा ट्रक आला होता. आमच्या अकरा जणींपैकी एकही चढली नाही. नावं दिलेल्या चौघींनीही नवऱ्यांना सांगितलं, यंदा तुम्ही जा, आम्ही पोरं घेऊन इथंच राहतो. रामकिसन मला म्हणाला, "सत्यभामाबाई, कुत्र्यांच्या भरवशावर ट्रक सोडताय व्हय? म्होरं पस्तावाल." ट्रक सिरसाळ्याच्या रस्त्याला लागला तेव्हा बाया टाळ्या वाजवत होत्या. मी मात्र धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभी होते.

खरं सांग नीला, हे चालेल ना? विहिरींचा तळ दिसतोय. या वर्षी गावात दुसरं काहीच नाही. बायांनी माझ्या तोंडाकडं बघून ट्रक सोडलाय आणि मी तुझ्या.

कंडक्टर सांगत होता, मांजरसुंब्याला गाडी जेवायला थांबली की ढाब्यावरची कुत्री आमच्या खोक्यासाठी टपाकडं बघत बसतात. केसरबाई प्रत्येक खोकं बांधताना विचारतात, "सोनी कशी हाय? दाराकडं बगत न्हाई ना आता?" त्यांना चार ओळी लिही.

तुझी,
सत्यभामा


पिंपळटाकळी, ३० नोव्हेंबर २००३

प्रिय नीला,

काल चंपाषष्ठी झाली. पाणी नाही म्हणून काय देव उपाशी ठेवायचा? तळी भरली, बाजरीचे रोडगे केले, दोन वांगी मिळाली त्याचं भरीत केलं. पहिला नैवेद्य नेहमीप्रमाणं कुत्र्याला दिला.

तुला आठवत असेल, खंडोबाच्या घरात चातुर्मासाला सोडलेला कांदा-लसूण चंपाषष्ठीलाच तोंडात घालतात. केसरबाई सकाळीच माझ्याकडं आल्या. "सत्यभामे, सोनीचाबी चातुर्मास आज सुटला की. आमी कांदा खायचा आन् तिनं कावून निस्ती बाजरी चघळायची?" असं म्हणून त्यांनी आपला डबा काढला. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला कांदा होता त्यात. या वर्षी भाजी कुठली मिळायला, हिवाळाभर भाकरीबरोबर खायला म्हणून त्यांनी तो चिमूट चिमूट जपला होता. सगळा डबा उखळात रिकामा केला, मूठभर लसूण टाकली, कुटून पिठात मळली आणि सोनीपुरता वेगळा घाणा काढला. पुड्याला भंडारा लावला. वर 'सोनीसाठी' असं मी माझ्या हातानं लिहिलं. बाकीची पाकिटं नेहमीसारखीच आहेत.

इतक्या मायेनं माझ्यासाठीही कधी कुणी काही केलं नाही, असं मी त्यांना चिडवलंसुद्धा. खोकं दोरीनं बांधून गाडीवर गेलं, पत्र मागं राहिलं, म्हणून हे पोस्टानं. सोनीला आवडलं का ते कळव.

तुझी,
सत्यभामा


पुणे, ४ डिसेंबर २००३

प्रिय सत्या,

खोकं सोमवारी मिळालं, पत्र नव्हतं. घाईत राहिलं का? मला सर्दीनं असं धरलंय की हिंगाचा डबा नाकाशी नेला तरी कळत नाही.

सोनीसाठी वेगळा पुडा कुणाच्या डोक्यातून निघाला? भंडाऱ्याचा पिवळा हात बघून केसरबाईच असणार हे ओळखलं. एक बिस्किट दिलं तर दुसऱ्यासाठी उड्या. दिवसाला पाच-सहा खाल्ली, आज सकाळी पुडा संपला. इतकं चवीनं खाताना तिला मी पहिल्यांदाच बघितलं.

पण दुपारपासून उठली नाही. नुसती पडून आहे. थंडी वाढलीय, त्यानं असेल. उद्या डॉक्टरीणबाईंना दाखवते.

नीला


पुणे, ६ डिसेंबर २००३

सत्यभामा,

तुझं पत्र आज दुपारी आलं.

काल डॉक्टरीणबाईंनी सोनीचा ओठ वर करून बघितला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हिच्या पोटात कांदा-लसूण गेलाय का?" मी म्हटलं, शक्यच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, माझ्या बालपणीच्या मैत्रिणीच्या हातचं खाते ही, तिला मी बजावून सांगितलंय. तुझ्या नावानं शपथ घेतली मी. म्हणून त्यांनी गोचिडतापाचं औषध सुरू केलं. एक अख्खा दिवस चुकीच्या औषधात गेला, माझ्या शपथेमुळं.

कांदा-लसूण कुत्र्याला विष असतं. ते पोटात गेलं की आतल्या आत रक्त फुटतं. वाळवलेला तर जास्तच वाईट. माणसाला काही होत नाही, त्यांना होतं. केसरबाईंनी डबाभर विष कुटलं आणि तू त्यावर 'सोनीसाठी' असं लिहिलंस.

सिरसाळ्याच्या बूथवर शेजाऱ्यांकडून तीनदा फोन लावला, लागला नाही. डॉक्टरीणबाईंनी तुमची सगळी पाकिटं फळीवरून काढून बाजूला ठेवलीत. पुढचं खोकं पाठवू नका.

ती माझ्या मांडीवर मान टाकून आहे. तिला उचलायला सुद्धा भीती वाटते. याउपर मला काही लिहायचं नाही.

नीलम्मा


पिंपळटाकळी, १० डिसेंबर २००३

नीला,

पत्र दारातच वाचलं. तशीच जीपनं सिरसाळ्याला गेले, बूथवरून तुझ्या शेजाऱ्यांना फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा गेले तर बूथची लाईनच गेली होती, ती अजून नाही.

आम्ही फसवलं नाही गं तुला. जेजुरीच्या देवाची आण घेऊन सांगते, आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. आम्हांला वाटलं, चातुर्मासाचं पथ्य, ते चंपाषष्ठीला सुटलं. गावातली कुत्री शिळंपाकं सगळं खातात, त्यातलं एखादं मेलं तर का मेलं हे इथं कोण बघतं? पण विचारायला हवं होतं. एक ओळ लिहून विचारलं असतं तर झालं असतं. केसरबाईंच्या हातात डबा बघून मला गहिवर आला आणि अक्कल तिथंच राहिली. चूक माझी आहे.

केसरबाईंना सांगणं भाग होतं. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मरंल का ती?" मी म्हटलं, माहीत नाही. आपल्या तळहातांकडं बघत म्हणाल्या, "देवाच्या कुत्रीला मी माज्या हातानं इख चारलं." त्या दिवसापासून त्यांनी कांदा सोडलाय. त्यांच्या घरात तर तो उरलाच नाही, पण शेजारणीनं भाकरीवर ठेवला तरी उचलून परत देतात. म्हणतात, सोनी उठेपर्यंत शिवायचं नाही. या दिवसांत आमच्याकडं भाकरीबरोबर दुसरं काय असतं हे तुला वेगळं सांगायला नको. नुसती भाकर पाण्यात बुडवून खातात.

पुढचं खोकं तयार होतं, ते तसंच ठेवलंय. सोनी कशी आहे तेवढं लिही. मला शिव्या घाल, पण लिही.

सत्यभामा


पिंपळटाकळी, १८ डिसेंबर २००३

नीला,

आठ दिवस झाले. पोस्टमन आता लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

बाया रोज येतात आणि बसून राहतात. काम नाही, घरी जायलाही मन होत नाही. परवा रुक्मिणीबाई चिडली. "नीलाबाईचं पयलं पत्र काड. तिनंच चातुर्मास लिवलाय. मंग चूक आमची कशी?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, पत्र सापडत नाही.

पत्र माझ्या पेटीत आहे, लुगड्याखाली. काल उन्हात बसून ते पुन्हा वाचलं. तू काय लिहिलंयस ते तुला आठवत असेल, नसेल तर राहू दे. मी ते कुणाला दाखवणार नाही. त्या वेळी मी पण हसलेच होते की.

पण रामकिसननं निरोप धाडलाय. सिरसाळ्याहून सोमवारी शेवटचा ट्रक जाणार आहे. दोघी-तिघी मला विचारतात, सत्यभामाबाई, नाव देऊ का? काय सांगू? थांबा म्हणायला माझ्या हातात काही नाही आणि जा म्हणायला जीभ उचलत नाही. केसरबाई उंबऱ्यापाशी बसतात, आत येत नाहीत. पिठाच्या परातीला हात लावू का विचारलं तर मागं सरकतात. "माजा हात नगं," म्हणतात. अंगावरचं लुगडं त्यांना मोठं व्हायला लागलंय.

ती आहे की गेली, एवढं एक कळव.

सत्यभामा


पुणे, १९ डिसेंबर २००३

प्रिय सत्यभामा,

तुझं दहा तारखेचं पत्र पाच दिवस माझ्या उशीखाली आहे.

सोनी जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

सात तारखेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त द्यावं लागेल, नाहीतर ही उद्याचा दिवस बघणार नाही. कुत्र्याला रक्त देतात हे मला माहीतच नव्हतं. दुसरा कुत्रा लागतो, धिप्पाड आणि निरोगी. तो काळा राजा आठवतो? त्याच्या मालकांना निरोप गेला आणि ते बिचारे तसेच घेऊन आले. पण सुई बघून राजा बिथरला, दोघांना आवरेना. तेव्हा डॉक्टरीणबाई आत गेल्या, बाजूला ठेवलेल्या तुमच्या पाकिटांतलं एक स्वतः फोडलं आणि त्याच्या पुढ्यात धरलं. बाजरीची बिस्किटं चघळत तो शांत उभा राहिला. माझी सोनी शेजारच्या टेबलावर डोळे मिटून पडली होती. ते बघताना मला तुम्हां अकरा जणींचा राग धरून ठेवता येईना, आणि सोडताही येईना.

लिहिलं नाही त्याचं कारण मात्र राग नाही. डॉक्टरीणबाईंनी नंतर सहज विचारलं, "त्या बायकांना तुम्ही कारण सांगितलं होतं का?" मी म्हटलं, म्हणजे काय, बजावलं होतं. घरी आले, भांडी घासायला बसले आणि माझंच वाक्य मला आठवलं. सोनीचा चातुर्मास आहे असं समजा. सत्या, तीस वर्षं शाळेच्या कचेरीत मी सूचना लिहिल्या. पोरांनी विहिरीवर जाऊ नये, असं साध्या शब्दांत लिहिलं. आणि जिथं जिवाशी गाठ होती तिथं मला थट्टा सुचली. विष असं लिहिलं तर तुम्ही घाबरून काम सोडाल, हेही मनात होतं. पण थट्टा केली ती केलीच, आणि मग तुझ्या नावानं शपथ घेऊन सोनीचा एक दिवस घालवला. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून गप्प बसले.

ते पत्र तुझ्याकडं असेल. सगळ्यांसमोर वाच. केसरबाईंना पुढं बसवून वाच.

खोकी सुरू करायला डॉक्टरीणबाई तयार आहेत. काय घालायचं नाही आणि का, ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

फक्त एक आहे. सोनी उभी राहते, पण खात नाही. माझ्या बोटावरून पेज चाटते तेवढीच. काल तुमचं जुनं, चांगलं पाकीट फोडलं तर तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. पुन्हा दाराकडं बघत बसली आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्त आलंय, पण खाल्लं नाही तर ते टिकायचं नाही.

तुझी,
नीला


पिंपळटाकळी, २५ डिसेंबर २००३

प्रिय नीला,

तुझं पत्र मंगळवारी आलं. ट्रक सोमवारी गेला. रुक्मिणीबाई त्यात गेली, दोन्ही पोरी घेऊन. एक दिवस. मी तुला दोष देत नाही, पण लिहिल्यावाचूनही राहवत नाही.

तू सांगितलंस तसं केलं. पेटीतून पहिलं पत्र काढलं, केसरबाईंना हाताला धरून पुढं बसवलं आणि वाचलं. मग हे वाचलं. मला वाटलं, केसरबाई आता रागावतील. तर म्हणाल्या, "तिनं थट्टा केली आन् मी खरं मानलं. दोगीबी येड्याच की." आणि तेव्हा कुठं त्यांना रडू फुटलं. पंधरा दिवसांचं साठलेलं होतं ते सगळं आलं.

मी म्हटलं, सोनी उठली, आता कांदा घ्या. तर ऐकत नाहीत. "उठली, पर खाती कुटं? माज्या हातचं तिनं खाल्ल्याबिगर न्हाई."

मग उठून टँकरच्या पाण्यातलं वाटीभर पाणी मागितलं, हात तीनदा धुतले, उखळ राखेनं घासलं. तुझ्या पहिल्या पत्रात लिहिलंय तसंच पीठ, कूट, भोपळा. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. भिंतीवर मी चुन्यानं लिहिलंय: कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे. बारा महिने.

सोनीचा पुडा खोक्यात सगळ्यांत वर आहे. भंडारा लावलेला नाही, केसरबाईंची हिंमत झाली नाही. हे पत्र त्याच्याही वर ठेवलंय. आधी वाच आणि मगच गाठ सोड. आणि जे होईल ते तसंच लिही.

सत्यभामा


पुणे, २८ डिसेंबर २००३

केसरबाईंना वाचून दाखवणे.

केसरबाई, शरणार्थी.

तुमचा पुडा काल दुपारी सोडला. एक बिस्किट सोनीपुढं ठेवलं. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. माझ्यानं बघवेना, मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तुमच्याकडं पाणी मोजून मिळतं हे आठवलं म्हणून बंद केला, तेव्हा बाहेरून चावण्याचा आवाज आला. आले तर बिस्किट संपलं होतं आणि ती दुसऱ्यासाठी पुड्याचा कागद नाकानं ढकलत होती. दीड खाल्लं. आज सकाळी अख्खी दोन. दाराकडं पाठ करून खाल्ली.

पुण्या-परळीच्या गाडीनं एक पोतं पाठवते आहे, कंडक्टरकडून सिरसाळ्याला उतरवून घ्या. कांदे आहेत. हे माणसांसाठी. आज भाकरीबरोबर एक फोडा, आणि फोडल्याचं सत्यभामेकडून मला कळवा, तोवर मीही खाणार नाही.

पोत्यात एक लहान पिशवी वेगळी बांधली आहे, ती रुक्मिणीबाईंची. कोरड्या जागी टांगून ठेवा. त्या कारखान्यावरून परत येईपर्यंत कांदे टिकतील.

नीलम्मा